बोरामणीचा धडा

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की दक्षिण सोलापूर तालुक्यातलं बोरामणी लागतं. या गावातल्या शेख घराण्यानं महाराष्ट्र केसरीची गदा तीनदा आणली. १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली आप्पालाल शेख, २००२ साली मुन्नालाल शेख. पुढे २०१८ मध्ये जालन्याच्या मैदानात ती गदा बाला रफिक शेखनं उचलली. तोही आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला, करमाळा तालुक्यातल्या खडकीचा. आपण ही नावं अभिमानानं सांगतो. ती कशी घडली, हे मात्र फारसं सांगत नाही.

ती घडतात कारण मातीतल्या कुस्तीनं गरिबाच्या पोराला आत घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या बसवली आहे. तालमीत जायला महागडं सामान लागत नाही. लंगोट आणि मेहनत लागते. वस्ताद पोराचे जोर-बैठका बघतो, आडनाव नंतर विचारतो. गावोगावच्या जत्रेत वर्गणीतून इनाम ठेवतात. चिमुरड्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात, मोठ्यांच्या हजारांवर जातात. त्यामुळे दहा वर्षांच्या पोरालाही गावासमोर लढायला मिळतं. पोरगं चमकलं की त्याच्या खुराकाची काळजी करणारं कोणीतरी गावातच निघतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या आपल्या जिल्ह्यात फडातल्या हलगीला दुभाषा लागत नाही.

सगळ्याच खेळांत अशी रीत नव्हती. मुंबईचं क्रिकेट कितीतरी वर्षं धर्मानुसार संघ पाडून खेळलं गेलं. पंचरंगी सामने १९४६ पर्यंत चालले. पळवणकर बाळूंसारखा फिरकी गोलंदाज हिंदू संघाला जिंकून देत होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण दलित म्हणून त्यांना चहा मात्र वेगळ्या भांड्यात मिळायचा. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळायला १९२३ साल उजाडलं. त्यांचा खेळ सगळ्यांना हवा होता, त्यांना पंगतीत घ्यायला कोणी तयार नव्हतं. हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो, कारण खेळाडूच्या यशाला टाळ्या वाजवणं आणि त्याला संस्थेत बरोबरीची जागा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

तालमीनं जे गरिबाच्या पोरासाठी केलं, ते पोरींसाठी केलं नाही. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिलांची पहिली स्पर्धा सांगलीत झाली ती २०२३ मध्ये, आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. मधली बासष्ट वर्षं पोरींची ताकद कमी नव्हती. त्यांच्यासाठी मैदानच आखलेलं नव्हतं. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी गोळाफेक, भालाफेक करायची. क्रिकेटमध्ये तिनं २०२२ साली टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद १६२ धावा कुटल्या, त्या नागालँडच्या संघाकडून. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. करमाळा तालुक्याच्याच सुयश जाधवनं शाळकरी वयात विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात कोपराखाली गमावले. तरीही तो पॅरालिम्पिकपर्यंत पोहला आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. या दोघांच्या जिद्दीला सलाम करताना एक प्रश्न मला सोडत नाही. एवढी जिद्द नसलेल्या, पण खेळायला आसुसलेल्या साध्या मुलामुलींचं काय? महाराष्ट्र केसरी सगळे होत नाहीत. संध्याकाळी तासभर मोकळं धावायला मिळणं हा मात्र प्रत्येकाचा हक्क आहे.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईच्या मुलीचा दिवस बघा. आई पानं कापते, विड्या वळते. मुलगी शाळेतून आली की हाताखाली बसते, धाकट्यांना सांभाळते. क्रीडा क्लबच्या सरावाची वेळ नेमकी तीच. मैदानावर कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, शिकवणारी बाई नाही. मग क्लबचे पदाधिकारी म्हणतात, ‘दार उघडं आहे, मुली येतच नाहीत.’ मला हे उत्तर मान्य नाही. कुंभारीच्या रे नगरात जानेवारी २०२४ मध्ये पंधरा हजार कामगार कुटुंबांना घरं मिळाली. एवढी मुलं एका ठिकाणी राहायला येतात, तेव्हा शहरातल्या क्लबांनी त्यांची वाट पाहत बसू नये. आपला प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा तिकडे पाठवावा.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. मुलींच्या सरावाची वेळ त्यांच्या आयांना विचारून ठरवा. पहिलं वर्ष फी घेऊ नका. पायऱ्यांच्या शेजारी उतार बांधा. प्रवेशाची पाटी तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही लावा. कार्यकारिणीत दोन बायका घ्या, आणि त्यांच्याकडे हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाऐवजी प्रशिक्षणाचा हिशेब सोपवा. अपंग मुलांसाठी वेगळा ‘दिन’ साजरा करून थांबू नका. रोजच्या सरावात त्यांना घ्या. आणि गावच्या जत्रेत मुलींच्याही कुस्त्या लावा, इनाम मुलांच्या बरोबरीचं ठेवा. पैसे वर्गणीतूनच येतात, आणि ती वर्गणी मुलींच्या घरांतूनही गोळा होते.

बोरामणीनं आपल्याला शिकवलं की गावानं पाठीशी उभं राहायचं ठरवलं, तर एका घराण्यातून तीन केसरी निघतात. आता आपल्या क्लबच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक सभासदानं उभं राहून विचारावं : यंदा आपल्याकडे कोण आलं नाही, आणि त्यांच्यापर्यंत जायला आपण काय केलं? या प्रश्नाचं उत्तर ढाल-करंडकांच्या यादीआधी अहवालाच्या पहिल्या पानावर छापलं गेलं पाहिजे.