परदेशी विद्यार्थ्याने दाद कोणाकडे मागायची?

२००९ सालच्या ३१ मे रोजी मेलबर्नमधल्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकासमोर हजारो भारतीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मारहाणीच्या आणि लुटीच्या घटना वाढत चालल्या होत्या, त्याविरुद्धचा तो मोर्चा होता. विद्यार्थ्यांनी रात्रभर चौकात ठिय्या दिला आणि पहाटे पोलिसांनी त्यांना उठवले. आपल्याकडच्या वाहिन्यांनी ती दृश्ये कितीतरी दिवस दाखवली. हल्ले वंशद्वेषातून होतात की गुन्हेगारीतून, यावर दोन्ही देशांत हिरिरीने वाद झडले. त्या गदारोळात एक साधी अडचण मात्र बाजूला पडली. ऑस्ट्रेलियाच्या सरकारला या विद्यार्थ्यांशी बोलायचे होते, पण बोलायचे कोणाशी? त्या वर्षी तिथे शिकणाऱ्या भारतीयांच्या नोंदण्या एक लाख वीस हजारांच्या घरात होत्या. तरीही या सर्वांच्या वतीने बोलेल, मतदानातून आलेली असेल आणि सगळ्यांना मान्य असेल, अशी एकही देशव्यापी संस्था धडपणे उभी नव्हती. शेवटी सप्टेंबरमध्ये कॅनबेराला सरकारने गोलमेज बैठक भरवली, तेव्हा टेबलाच्या पलीकडे बसायचे तीसेक विद्यार्थीही सरकारनेच निवडले. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्यानेच तक्रारदार निवडावा, असा तो प्रकार होता. त्यात कोणाची बदनियत होती असे मला वाटत नाही. सरकारपुढे दुसरा मार्गच उरला नव्हता.

ही पोकळी आपोआप तयार झाली नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये जॉन हॉवर्ड सरकारने कायदा करून विद्यार्थी संघटनांची सक्तीची वर्गणी बंद केली आणि १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. कायद्यामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. ज्याला संघटनेचे राजकारण पटत नाही त्याच्या खिशातून पैसे का काढावेत, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु वर्गणीबरोबर संघटनांचे कार्यालय, पगारी माणसे आणि विद्यापीठाला ‘नाही’ म्हणण्याची ताकदही आटली. बऱ्याच ठिकाणी संघटना विद्यापीठाच्या अनुदानावर, म्हणजे मर्जीवर जगू लागल्या. तीन वर्षांनी मेलबर्नचा भडका उडाला, तेव्हा त्याची किंमत कळली. २०१० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. २०११ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र लोकपाल आला. त्याच वर्षी नवा कायदा करून विद्यार्थी सुविधा शुल्क परत आणावे लागले. २०१२ मध्ये त्याची कमाल मर्यादा २६३ डॉलर होती. फक्त या वेळी शुल्क विद्यापीठ गोळा करणार आणि वाटपही तेच ठरवणार, अशी मेख होती. त्यातला किमान ४० टक्के हिस्सा विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या संघटनांना द्यावा, ही अट यायला २०२५ उजाडले. परदेशी विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व ही विद्यापीठाने दाखवायची मेहेरबानी नसून व्यवस्थेचाच भाग असला पाहिजे आणि त्यासाठी लागणारा पैसा कुलगुरूंच्या सहीवर अवलंबून असता कामा नये, हे म्हणायला मला या वीस वर्षांच्या इतिहासाचा आधार वाटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ही मुले दोन-तीन वर्षांसाठी आलेली असतात, पैसे भरतात, पदवी घेतात आणि जातात. त्यांना प्रतिनिधी कशाला? गिऱ्हाईक म्हणून त्यांना चांगली सेवा मिळाली की झाले. पण गिऱ्हाईक नाराज झाले तर दुसऱ्या दुकानात जाते. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्याला मुख्य अभ्यासक्रमाचे पहिले सहा महिने पूर्ण होईपर्यंत, काही अपवाद वगळता, संस्था बदलता येत नाही. त्याने नोकरी किती तास करायची हे व्हिसा ठरवतो, आणि व्हिसा टिकणार की नाही हे बऱ्याच अंशी विद्यापीठाच्या शेऱ्यावर ठरते. स्थानिक विद्यार्थी नापास झाला तर त्याचे सत्र बुडते. परदेशी विद्यार्थी वारंवार नापास झाला तर विद्यापीठाला तसे सरकारला कळवावे लागते आणि मुलाचा देशात राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. कळवण्यापूर्वी त्याला लेखी नोटीस द्यावी आणि संस्थेतच अपील करण्यासाठी वीस कामकाजाचे दिवस द्यावेत, असा नियम आहे. हे वीस दिवस कसे जातात यावर सगळे अवलंबून असते. नोटिशीची भाषा वकिली असते. मुलगा घाबरलेला असतो आणि घरी सांगायची सोय नसते, कारण घरावर कर्ज काढलेले असते. अशा वेळी सधन विद्यार्थी संघटनांकडे पगारी सल्लागार असतो. तो नोटीस वाचून दाखवतो, डॉक्टरांचे दाखले कुठले चालतील ते सांगतो, अर्जाचा मसुदा तपासतो आणि सुनावणीला मुलाच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. हा सल्लागार विद्यापीठाचा नोकर असेल तर मुलगा त्याला सगळे खरे सांगेल का? प्रतिनिधित्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भाषणे आणि घोषणा येतात. त्याचा खरा कस या खुर्चीत लागतो.

भीती माणसाला किती गप्प करते याचा पुरावा २०१५ मध्ये ‘सेव्हन-इलेव्हन’ दुकानांच्या प्रकरणात जगासमोर आला. त्या वेळी शिक्षण चालू असताना पंधरवड्याला चाळीस तासांपेक्षा जास्त काम करायला व्हिसाची परवानगी नव्हती. काही दुकानमालक मुलांना त्याच्या दुप्पट राबवून घ्यायचे आणि कागदावर निम्मेच तास दाखवायचे. हिशेबात वेतनाचा दर कायदेशीर दिसायचा आणि मुलाच्या हातात निम्मा पडायचा. तक्रार केलीस तर जादा तास काम केल्याचे तुझेच बिंग फुटेल आणि व्हिसा जाईल, एवढी एक धमकी पुरायची. या कामगारांत भारतीय उपखंडातल्या विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. पत्रकारांनी प्रकरण बाहेर काढल्यावर कंपनीला थकीत वेतनापोटी १५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत करावी लागली. कायदा होता, किमान वेतन होते, कामगार निरीक्षकही होते. उणीव होती ती आपले नाव पुढे न करता जिथे तक्रार नेता येईल अशा जागेची. एकट्या मुलाने तोंड उघडले तर तो सापडतो. तेच निवडून आलेला प्रतिनिधी शंभर जणांच्या वतीने बोलला तर कोणी एक सापडत नाही.

दुसरा आक्षेप असा की विद्यापीठात विद्यार्थी संघटना आहेच, परदेशी मुलांनी तिच्यातच काम करावे, वेगळी चूल कशाला. यात तथ्य आहे. वेगळ्या समितीत बसवलेल्या मुलांना दिवाळी आणि चिनी नववर्षाचे कार्यक्रम आखायला देऊन मुख्य निर्णयांपासून दूर ठेवता येते, आणि ठेवलेही जाते. पण काही प्रश्न असे असतात की ते स्थानिक मुलांना पडतच नाहीत. बसभाड्याचेच पाहा. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये स्थानिक विद्यार्थ्यांना सवलतीचे तिकीट मिळायचे, परदेशी विद्यार्थ्यांना नाही. हा भेदभाव आहे, असा निर्णय २००६ मध्ये राज्याच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाने दिला. सरकारने काय करावे? कायद्यातच दुरुस्ती करून सवलत नाकारण्याचा आपला अधिकार अबाधित ठेवला. शेजारच्या व्हिक्टोरियात २०१५ मध्ये वार्षिक पासावर निम्मी सूट सुरू झाली, तीही विद्यापीठांनी खर्चात वाटा उचलायचा या बोलीवर. न्यायालयात जिंकलेले विधिमंडळात हरले, याचे कारण उघड आहे. या मुलांना त्या देशात मत नाही. ज्याला मत नाही त्याची बाजू कोणताही पक्ष स्वतःहून घेणार नाही, मग तो डावा असो की उजवा. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या ऐन भरात पंतप्रधान मॉरिसन यांनी, ज्या परदेशी विद्यार्थ्यांना स्वतःचा खर्च झेपत नसेल त्यांनी मायदेशी परतावे, असे सांगितले, तेव्हा त्यांना निवडणुकीची धास्ती वाटण्याचे कारण नव्हते. विद्यार्थी व्हिसाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये ७१० वरून १,६०० डॉलर झाले आणि वर्षभरात २,००० वर गेले, त्यामागचे गणितही तेच. संघटनांच्या विरोधाने ही वाढ थांबली नाही, हेही सांगितले पाहिजे. देशाच्या धोरणापुढे विद्यार्थी प्रतिनिधीचे हात तोकडे पडतात. म्हणून तर जिथे त्याचे हात पोचतात त्या विद्यापीठात तरी त्याला खुर्ची, पैसा आणि मत हवे.

तिसरी शंका जास्त गंभीर आहे. परदेशी विद्यार्थी आपल्या देशाचे राजकारण सोबत आणतात. चिनी विद्यार्थ्यांच्या काही मंडळांचे त्यांच्या वकिलातींशी असलेले संबंध पाश्चात्त्य विद्यापीठांत वर्षानुवर्षे वादाचा विषय आहेत, आणि भारतीय विद्यार्थ्यांतही इकडची पक्षीय भांडणे तिकडे पोचली आहेत. मात्र निवडणूक, हिशेबतपासणी आणि मुदत असलेली संस्था नसली की पोकळी रिकामी राहत नाही. तिथे वकिलातीच्या मर्जीतले किंवा एजंटांच्या पैशावर चालणारे कोणीतरी येऊन बसते, आणि त्याला जाब विचारायची सोय नसते. मला स्वतःला याहून मोठी वाटणारी उणीव वेगळीच आहे. २००९ मध्ये सगळ्यात हाल झाले ते मेलबर्नच्या खासगी शिकवणी-छाप महाविद्यालयांत पाककला आणि केशकर्तनाचे अभ्यासक्रम घेतलेल्या मुलांचे, आणि तिथे विद्यार्थी संघटना नावालाही नव्हती. प्रतिष्ठित विद्यापीठातला सफाईदार इंग्रजी बोलणारा प्रतिनिधी त्यांचे दुःख कितपत मांडणार? या प्रश्नाला ऑस्ट्रेलियानेही अजून नीट उत्तर शोधलेले नाही.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर ओडिशाकडे पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरच्या केआयआयटी विद्यापीठात एका नेपाळी विद्यार्थिनीचा वसतिगृहात मृत्यू झाला. न्याय मागत तिच्या देशबांधवांनी निदर्शने केली. दुसऱ्या दिवशी नेपाळी विद्यार्थ्यांनी आवार सोडावे, असा आदेश निघाला. कित्येकांना बसमध्ये बसवून कटकच्या रेल्वे स्थानकावर सोडण्यात आले. अनेकांच्या हातात पैसे नव्हते, तिकीट नव्हते. मग हालचाल झाली ती काठमांडूहून. पंतप्रधान ओली यांनी दखल घेतली, दिल्लीच्या दूतावासातले दोन अधिकारी ओडिशाला गेले आणि विद्यापीठाने माफी मागून मुलांना परत बोलावले. वसतिगृहातला वाद दोन देशांच्या परराष्ट्र खात्यांपर्यंत पोचला, कारण त्या दोन टोकांच्या मध्ये विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणारे अधिकृत कोणी नव्हते. नेपाळ शेजारी आहे, त्याचा आवाज दिल्लीत ऐकू येतो. अशीच वेळ काँगोच्या किंवा येमेनच्या मुलावर आली तर?

महाराष्ट्राला या प्रश्नात विशेष रस असायला हवा, कारण परदेशी विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत. फर्ग्युसनच्या वसतिगृहात आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका मुलाची आबाळ पाहून डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये सिंबायोसिसची सुरुवात केली, ही गोष्ट पुणेकरांना पाठ आहे. त्या कळवळ्याबद्दल आदरच आहे. पण कळवळा असलेला प्राध्यापक प्रत्येक वसतिगृहाला लाभत नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. हा आकडा वाढवायचा म्हणून नव्या शैक्षणिक धोरणाने विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी कार्यालय असावे, असे सांगितले. ते कार्यालय स्वागत करील, कागदपत्रे पाहील, पण विद्यापीठाविरुद्ध तक्रार असेल तर ती त्याच विद्यापीठाच्या कार्यालयाकडे नेऊन काय होणार? त्यातच २०२५ च्या नव्या परदेशी नागरिक कायद्याने अशा विद्यार्थ्यांची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकली आहे. शिकवणारा आणि कळवणारा एकच, ही ऑस्ट्रेलियातली कोंडी आपण घेतली. तिथला अपिलाचा अवधी आणि शेजारची खुर्ची मात्र घेतली नाही.

यावर कोणी म्हणेल की इथे आमच्याच मुलांना निवडणूक नाही, तर परदेशी मुलांचे कौतुक कशाला. हा टोला बरोबर बसतो. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याच्या खुनानंतर वातावरण बदलले आणि १९९४ च्या कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद परत आणली, पण प्रत्यक्ष मतदान वर्षानुवर्षे लांबणीवरच पडत राहिले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची स्वतःची निवडून आलेली संघटना चालते, तेव्हा हे भारतात जमणार नाही असे म्हणता येत नाही. आपल्याकडे जेव्हा केव्हा विद्यार्थी परिषदा उभ्या राहतील, तेव्हा परदेशी विद्यार्थी जिथे लक्षणीय संख्येने आहेत तिथे त्यांनीच निवडलेला एक सदस्य परिषदेत आणि तक्रार निवारण समितीत असावा. विद्यार्थ्याबद्दल सरकारच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला प्रतिकूल अहवाल पाठवण्यापूर्वी त्याला लेखी नोटीस आणि अपिलाला मुदत मिळावी. निवडणुकांची वाट न पाहता विद्यापीठे आपल्या अधिकारात एवढे दुसरे काम आजही करू शकतात. त्यासाठी मुंबईत मंत्रालयाकडे पाहण्याची गरज नाही, विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेचा एक ठराव पुरेल.