उपास माझा, उपासमार त्याची

आमच्या फ्रीगंजातल्या घरी येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “मिठ्ठू ‘जय जिनेंद्र’ म्हणतो का?” जरा जवळ गेल्या की दुसरा : “अगंबाई, चावतो का हा?” म्हणतो, आणि चावायचाही. पण या बोलण्यासाठी आणि न चावण्यासाठी त्याच्याशी आपण काय काय केलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून मीच सांगते.

मिठ्ठू आपला पिंपळावरचा पोपट नव्हे. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे, तरी आपल्या किती घरांत तो टांगलेला दिसतो! हा अमेरिका खंडातला ॲमेझॉन पोपट. एका नातेवाइकांनी नातवाच्या हौसेखातर घेतला, आजीच्या बोटाला कडकडून चावला, आणि तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे आला.

आला तेव्हाच त्याचे पंख कातरलेले होते. मग सल्ले सुरू झाले. पिंजऱ्यावर काठी आपटा. चोचीवर टिचकी मारा. आणि सगळ्यांचा आवडता : दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप हातातून खाईल. सांगणारे परके नव्हते. पाणी गाळून पिणारे, दिवस मावळायच्या आत जेवणारे आपलेच लोक.

मी ऐकलं. दशलक्षण पर्व चालू होतं. माझा उपास होता आणि सकाळीच मी त्याची वाटी काढून घेतली होती. पर्वाचा सातवा दिवस, म्हणून तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात. शेकडो वेळा ऐकलेले. पण ते बैलाघोड्यांच्या काळातले, असं मनात कुठेतरी होतं. त्या दिवशी वाचता वाचता थांबले. पिंजरा म्हणजे बंध. टिचकी म्हणजे वध, कारण वध म्हणजे इथे मारहाण. कातरलेले पंख म्हणजे छेद. पाहुण्यांसमोर पन्नास वेळा ‘बोल, बोल’ म्हणून पिच्छा पुरवणं म्हणजे अतिभारारोपण. आणि ती रिकामी वाटी? अन्नपाननिरोध. काही आधीच्या घरी घडलेले, काही माझ्या हातचे. पण पाचही माझ्या व्हरांड्यात हजर होते.

उपास मी माझ्या इच्छेने धरला होता. त्याच्यावर मी तो लादला होता. माझं ते तप, त्याची ती उपासमार. उठले, वाटी भरून ठेवली. त्यानंतर ती कधीच काढली नाही.

“पंख कातरणं म्हणजे नखं कापण्यासारखंच, दुखत नाही,” असं म्हणणारे भेटतात. दुखत नसेलही. पण भीती वाटली की पक्षी आधी उडून जातो. तो मार्ग बंद केला की त्याच्याकडे उरते फक्त चोच. चावरा पक्षी आपणच घडवायचा आणि वर त्यालाच रागीट म्हणायचं!

“अचानक चावतो” हेही खरं नाही. आधी त्याची बुबुळं भराभर लहानमोठी होतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, मानेवरची पिसं उभी राहतात. इतकं सांगूनही आपण हात पुढे करतो, तेव्हा तो चावतो. विणीच्या काळात तर तो अधिकच तापट होतो, आणि आपण लाडाने पाठीवरून हात फिरवतो; त्याच्या लेखी ती जोडीदाराची खूण. गोंजारायचं तर डोक्यावर, तेही त्याने मान खाली घातली तरच.

“अजून ताठ आहे, रुळेल हळूहळू.” बायांनो, हे वाक्य आपण कुणाबद्दल ऐकलंय? नव्या सुनेने नको म्हटलं की तो तिचा नकार नसतो, तिचा स्वभाव असतो. हे आपल्याला झोंबतं ना? मग पक्ष्याला तीच फूटपट्टी का लावायची?

मी काय केलं, तर फार काही नाही. रोज ठरल्या वेळी जाऊन बसायचं, एक सूर्यफुलाचं बी ठेवायचं आणि मागे सरकायचं. डोळे फिरले की थांबायचं. चावला तर ओरडायचं नाही, मारायचं नाही. शांतपणे खाली ठेवायचं. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्यायची. दिवसा दार उघडं. सहा महिन्यांनी तो आपणहून मनगटावर आला. नवी पिसं आली, तीही मी कातरली नाहीत. आजही काही दिवस तो येत नाही. मग मी बोलवत नाही.

“एवढी दया आहे तर सोडून द्या की!” असंही ऐकवतात. त्याचं रान इथे नाही. पिंजऱ्यात वाढलेल्याला स्वतःचं अन्न शोधता येत नाही. सोडणं म्हणजे मरायला पाठवणं. विदेशी पक्ष्यांची 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, ती केली. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो आणि मी साठीची आहे. माझ्यामागे त्याला कोण सांभाळणार, हे मुलीशी बोलून ठरवावं लागलं. दुकानात पिंजरा उचलताना हा हिशेब कुणी करतं का?

दिल्लीच्या लाल मंदिरात 1929 साली सुरू झालेलं पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय आहे. त्याचा अभिमान आपण सगळेच सांगतो. सांगाच. पण नातवाच्या वाढदिवसाला पोपट विकत घेऊ नका. आणि घरात आधीच असेल, तर येत्या पर्वात सातवा अध्याय त्याच्या पिंजऱ्यासमोर बसून वाचा.

मिठ्ठू ‘जय जिनेंद्र’ म्हणतो. त्याला वाटलं तर. आमच्याकडे आलात, तर म्हणायला लावू नका.