सहाव्या वर्षापर्यंत थांबू नका



‘बालगृहातल्या लहानग्यांना आधी अन्न आणि माया द्या, शिक्षणाचे नंतर पाहू’ हे गेल्या अंकातील पत्र कळकळीचे आहे; पण ‘नंतर’ हा शब्द मला मान्य नाही.

शिशुगृहात काम करताना चार वर्षांची एक मुलगी पाहिली. अर्धी पोळी फ्रॉकच्या खिशात लपवायची, बोलायची नाही. एकच मावशी तिला रोज मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक दाखवी. महिन्याभराने मांजरावर बोट ठेवून ती ‘माऊ’ म्हणाली. यात माया कुठली आणि शिक्षण कुठले, वेगळे काढता येईल का?

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाचे पुनर्वसन त्याच्या वैयक्तिक काळजी आराखड्यावरून व्हायचे असते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासूनच धरते. मग आराखड्यात ‘वय लहान’ एवढाच शेरा पुरेसा नाही. मूल काय बोलते, कशाला घाबरते, अंगणवाडीत त्याला कोण नेणार, हे लिहा. दर तीन महिन्यांनी तपासा. संस्था बदलली, तर ही नोंद मुलासोबतच जाऊ द्या. त्याची माणसे बदलतात; निदान त्याची ओळख तरी पुसली जाऊ नये.

– एक निवृत्त बालवाडी शिक्षिका