अठरा एचपीला दोन तवे? आधी वजनकाट्यावर चढवा

मंडळी, काल परत एक फोन आला. "दादा, मिनी ट्रॅक्टर घेतलाय, अठरा एचपीचा. त्याला दोन तव्यांचा नांगर बसतो म्हणून गावातला वर्कशॉपवाला सांगतोय. घेऊ का?" हा या महिन्यातला चौथा. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. ज्यांना राग येईल त्यांनी यावा, चहा पाजून शेतात दाखवतो.

उत्तर आधीच देतो. घेऊ नका. अठरा-वीस एचपीच्या ट्रॅक्टरला दोन तव्यांचा नांगर विकणं ही फसवणूक आहे. विकणाऱ्याला कळत नसेल तर अडाणीपणा, कळत असेल तर लबाडी.

हे मी पुस्तक वाचून बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी मीच घेतला होता तसला. जमीन आमची अर्धी मुरमाड, अर्धी मध्यम काळी. बांधाला दगड, जुन्या डाळिंबाची खोडं काढलेली, खाली मुळ्या तशाच. पलटीचा फाळ दगडाला अडकला की ट्रॅक्टर जागेवर उभा राहायचा, बोल्ट तुटायचा. तवा दगडावरून, मुळीवरून फिरून वर येतो आणि पुढं परत खाली बसतो, म्हणून तव्याचा नांगर हवा होता. विचार बरोबर होता, घेतलेली वस्तू चूक होती. मे महिन्यात लावला तर तवे जमिनीला नुसतं खरवडत गेले, दोन-तीन इंचाच्या वर काही जाईना. वर्कशॉपवाल्याला फोन केला तर म्हणाला, "वर एक माणूस बसवा, लागेल."

बसवला. पुतण्या बसला, वय वर्षे एकोणीस. दुसऱ्याच तासाला दगडाचा हिसका बसला आणि तो फ्रेमवरून घसरला. घोट्याच्या वर अकरा टाके. पाय वाचला हे नशीब. त्यात चूक माझीच होती, मी बसवलं. पण "माणूस बसवा" हा सल्ला आजही गावोगावी दिला जातोय, म्हणून हे लिहितोय.

आता हिशोब. कागद-पेन्सिल घ्या, अवघड नाही.

फाळाच्या नांगराला फाळाच्या रचनेमुळं जमिनीत ओढून घेण्याचा गुण असतो. तव्याला तो नसतो. तवा खाली जातो वजनानं आणि कोनानं. पुस्तकात प्रत्येक तव्यामागं कमीत कमी १८० किलो वजन धरलेलं आहे, कडक जमिनीला त्याच्याही वर. म्हणजे दोन तव्यांचा नांगर ३६० किलोचा पाहिजे. आता मिनी ट्रॅक्टर बघा. साधारण ८०० किलोचा, त्यातले सव्वातीनशे किलो पुढच्या चाकांवर. ३६० किलोचं धूड मागच्या एक्सलपासून मीटरभर मागं लटकवलं की पुढच्या चाकांवरचे अडीचशे किलो गेले. स्टिअरिंग फिरवायला पुढं उरलं काय? चढाला तर तोंडच वर.

हे वर्कशॉपवाल्यालाही दिसतं. मग तो काय करतो? नांगर हलका करतो. पातळ चॅनेल, बारीक शाफ्ट, मागचं चाक गायब. माझा नांगर मी नंतर वजनकाट्यावर चढवला तेव्हा १४६ किलो भरला. तव्यामागं ७३ किलो! ज्याला १८० लागतात तिथं ७३. तो जमिनीत जाईल कसा? मग माणूस बसवा, दगड बांधा, पोती टाका.

बरं, समजा पावसानंतर वाफशावर लावला आणि तवे लागले. तेव्हा दुसरी गोम. एक तवा २० सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल कापतो असं धरा, म्हणजे ३०० चौरस सेंमी माती. मध्यम काळ्या जमिनीला चौरस सेंमीला ०.७ किलो ओढ हिशोबाला चालते. हलक्या जमिनीला कमी, वाळून आवळलेल्या काळीला त्याच्यापेक्षा बरीच जास्त. एका तव्याला २१० किलो ओढ, दोघांना ४२०. टू-व्हील मिनी ट्रॅक्टरची मागची चाकं ढेकळाच्या रानात अडीचशे-तीनशे किलोच्या पुढं ओढत नाहीत. पुढं चाक जागेवर फिरतं, टायर झिजतो, डिझेल जळतं.

इथंच एचपीचं सोंग उघडं पडतं. ४२० किलो ओढ ताशी ४ किमीनं ओढायला किती एचपी लागते? ४२० गुणिले ४ भागिले २७०, सव्वासहा. अठरा एचपीच्या इंजिनात ती आहेच! म्हणून दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "ताकद आहे की भाऊ." ताकद आहे, पकड नाही. पकड वजनातून येते. ट्रॅक्टर घेताना एचपी विचारतो तसं मागच्या एक्सलवर वजन किती आणि ओढ किती हे कुणी विचारतं का? मध्यप्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे, तिच्या चाचणी अहवालात ओढीचे आकडे वेगळे दिलेले असतात. शोरूममध्ये तो कागद मागून बघा, विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर मागच्या टायरला चुन्यानं खूण करा. नांगर उचलून चाकाचे दहा फेरे मोजा, किती मीटर गेला ते टेपनं मोजा. मग नांगर लावून परत दहा फेरे. माझा मोकळा २८ मीटर जायचा. दोन तवे लागल्यावर १७. म्हणजे शंभरातले जवळपास चाळीस फेरे वाया. एक तवा काढून टाकला तर २४ मीटर, चौदा टक्के घसरण. ते चालतं. पंधराच्या वर गेलं की थांबा.

म्हणून माझं म्हणणं: लहान ट्रॅक्टरला एकच तवा, पण पूर्ण वजनाचा. १८० ते २०० किलोचा एकतवी नांगर. पुढच्या चाकांवरचं सव्वाशे-दीडशे किलो त्यानंही कमी होतं, म्हणून पुढं वजनं लावायची, मागच्या टायरात पाणी भरायचं. दिवसाला रान कमी होतं, हे कबूल. पण होतं ते खरं होतं.

माझा नवा नांगर गावातच बनवून घेतला, स्वतः उभं राहून. जुन्या नांगराला काय काय नडलं होतं ते पाठ झालं होतं. पहिलं, तव्याच्या कुळवाचा जुना तवा वापरायचा नाही. तो पातळ, मधे चौकोनी भोक. वर्कशॉपवाले ते गॅसनं मोठं करतात, वेल्डिंग मारतात. तव्याचं पोलाद पाणी दिलेलं असतं. त्याला तापवलं की भोकाजवळ ठिसूळ होतं आणि तिथूनच चिरतं, माझा तसाच गेला. नांगराचा तवा जाड, हबला चार-सहा बोल्टांनी बसणारा, तो नवाच घ्या. दुसरं, बेअरिंग. साधं बॉल बेअरिंग बाजूचा रेटा सोसत नाही. टेपर बेअरिंगची जोडी पाहिजे, एकमेकीला उलट तोंडानं. ट्रॉलीचा हब मिळतो, त्यात ती असतेच, आणि मेणकापड किंवा सील नीट बसवा, नाहीतर मातीनं एका हंगामात खाल्लीच समजा.

सगळ्यात महत्त्वाचे कोन. वरून बघितलं तर तव्याची कड चालायच्या दिशेशी ४२ ते ४५ अंशात तिरपी हवी. बाजूनं बघितलं तर उभ्या रेषेपासून १५ ते २५ अंश मागं कललेली. कडक रानात तवा जास्त उभा करा, चांगला घुसतो. चिकट, भुसभुशीत रानात कलता करा. म्हणजे कोन बदलता आला पाहिजे, ब्रॅकेटला तीन-चार भोकं हवीत. पण बहुतेक नांगरांना तो "अंदाजे" धरून वेल्ड मारलेला असतो. मोबाईलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं. तव्याच्या तोंडावर सरळ पट्टी उभी धरा, मोबाईल टेकवा, समजतं. माझ्या जुन्याचा कल ३४ निघाला! त्या कोनात तवा कापत नाही, लोळतो.

आणि मागचं चाक. तवा माती एका बाजूला फेकतो तेव्हा माती नांगराला दुसऱ्या बाजूला रेटते. तासात तिरपं चालणारं मागचं चाक तो रेटा सोसतं. खर्च वाचवायला तेच गाळतात, मग तो रेटा लिंकच्या साखळ्यांवर आणि तुमच्या खांद्यावर. दिवसभर स्टिअरिंग ओढून रात्री हात वर होत नाही.

कृषी खात्यातले साहेब, विद्यापीठातले मित्र हे पान वाचतात, त्यांनाही एक बोलतो. "तवा जुना झाला, आता रोटाव्हेटर मारा" हा सल्ला सरसकट देऊ नका. मिनी ट्रॅक्टरवाला दरवर्षी चार-पाच इंच भुसा करतो आणि खाली थर आवळत जातो. पाऊस पडला की वर चिखल, खाली कोरडं. पण तवाही सगळीकडे चालत नाही, हेही सांगा. हरळी-कुंद्याच्या रानात तवा लावू नका, मुळ्यांचे तुकडे करून तो त्या पसरवतो. तिथं मोठा ट्रॅक्टर भाड्यानं बोलवा आणि उन्हाळ्यात पलटीनं खोल उलथवा. उभ्या बागेत तर तवा नकोच, झाडाच्या मुळ्या तुटतात.

ज्यांच्याकडे वीस एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरला तव्याचा नांगर चालू आहे त्यांनी खाली लिहा: नांगराचं वजन (काट्यावरचं, सांगितलेलं नाही), तव्याचा व्यास, जमीन कुठली आणि दहा फेऱ्यांचे दोन्ही आकडे. दोन तवे नीट ओढणारा कुणी असेल तर त्यानं जरूर लिहावं, मी मोटारसायकल काढून बघायला येतो. येताना टेप आणि चुना मी आणीन.