वर्गणी आणि वाकळ

बाहेर ४५ अंशांचा उन्हाळा, तरी दुबईत मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीमुळे पायांवर गोधडी लागतेच. तेव्हा ती नीट शिवायला शिकावी म्हणून मी क्विल्टिंगच्या एका परदेशी मासिकाची वर्षाची वर्गणी भरली. वसूल झाली का? अर्धीमुर्धी. पाव इंच शिवण सोडून चौकोन कोपऱ्याला कोपरा कसे जुळवायचे, हे त्यातूनच कळलं. आईच्या वाकळेत कोपरे जुळले तर तो योगायोग. पण पुढे प्रत्येक अंकात तेच चौकोन, फक्त रंग नवे, आणि कापड मागायचं ते १८ बाय २२ इंचांच्या ‘फॅट क्वार्टर’मध्ये. मीना बाजारात असं मागितलं तर दुकानदार मीटरपट्टी हातात धरून नुसता बघत राहतो. (दिरहम डॉलरला बांधलेला, त्यामुळे वर्गणी रुपयांत भरल्यासारखी दरवर्षी फुगत नाही, एवढंच सुख.) बॉनी लेमन यांनी १९६९ साली सुरू केलेलं, अशा मासिकांतलं थोरलं ‘क्विल्टर्स न्यूजलेटर’सुद्धा २०१६मध्ये बंद पडलं. मी यंदा वर्गणी भरणार नाही. जुने सुटे अंक मिळाले तर घेईन. शिवाय गोधडीचं खरं सामान मासिकात नसतंच. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती नऊवारी लागतं, आणि ते इथे कुठल्याच दुकानात मिळत नाही. आईची दोन मागवली आहेत. एकाच्या काठाला अजून हळदीचा डाग आहे. तो भाग वरच्या बाजूला घेणार आहे.