कोऱ्या पानावरचा अंगठा



या अंकात वनखात्याविरुद्ध लेख नाही. मागच्या अंकात होता, पुढच्या अंकातही असेल, कारण त्यांचं वागणं काही बदललेलं नाही. पण या वेळी आपल्याच घरातलं बोलायचं आहे. संघटनेतले काही जुने साथी म्हणाले, "हे छापू नका, समोरच्याच्या हातात कोलीत मिळेल." आम्हाला वाटतं, कोलीत आपणच त्याच्या हातात दिलं आहे. कसं, ते ऐका.

परवाच्या 26 जानेवारीला आमच्या गावात ग्रामसभा होती. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला, माणसं घरी गेली. शाळेच्या पडवीत उरलो तीसेक जण. बाया चार, त्याही दाराबाहेर बसलेल्या. निम्मा पाडा दिवाळीपासून भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर. जे गावात होते त्यातले बरेच आलेच नाहीत. विषय होता आपल्या डोंगराचा, म्हणजे सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा. कोरम भरला नाही. सभा तहकूब झाली.

संध्याकाळी प्रोसिडिंगची वही घरोघर फिरली. "सभेची सही राहिली तुमची, करून टाका." चुलीपुढं बसल्या बसल्या लोकांनी सह्या केल्या, अंगठे दिले. पान कोरं होतं. कोणी विचारलं नाही. आम्ही बारावीपर्यंत शिकलेली पोरं, हा अंक काढणारी. आमच्यातल्याही दोघांनी सही केली. हे लपवायचं नाही.

पंधरा दिवसांनी नक्कल मागितली. कोऱ्या पानावर आता ठराव होता: डोंगरावर खडीची खाण काढायला ग्रामसभेची हरकत नाही, सर्वानुमते मंजूर. खाली आपल्या सह्या, आपले अंगठे. तक्रार घेऊन गेलो तर टेबलामागच्या माणसानं वही आमच्याकडं फिरवली आणि एवढंच विचारलं, "सह्या तुमच्याच ना?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. ज्यानं तो ठराव लिहिला त्यानं गुन्हा केला. त्याच्याविरुद्ध लेखी हरकत दिली आहे, तिची पोच घेतली आहे, ते भांडण आपण सोडणार नाही. पण चोर आला तेव्हा कडी कोणी काढली, हाही प्रश्न आहे. त्याचं उत्तर वनखातं देणार नाही. ते आपण द्यायचं आहे.

एक विचार करा. आपल्या अंगठ्याला किंमत नसती तर वही घेऊन रात्री कोण फिरलं असतं? वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती पाहिजे, असं दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयानं 2009 सालीच लिहून दिलं आहे. वनहक्काचा कायदा 2006 चा. त्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून आहे. आधी ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. त्याआधी 1996 साली पेसा आला. त्यानं अनुसूचित क्षेत्रात पाड्याला, वस्तीला गाव मानलं. हे कोणी दान दिलेलं नाही. मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, केसेस अंगावर घेतल्या, तेव्हा मिळालं. आणि मिळालेलं वापरायची वेळ आली तेव्हा आपण चुलीपुढून उठलो नाही.

आता आपली कारणं बघू. ती आम्ही पाड्यापाड्यात ऐकली आहेत.

पहिलं कारण: "संघटना बघेल." संघटना म्हणजे कोण? ठाण्याला ऑफिसात बसलेली माणसं? संघटना म्हणजे मोर्चाला भाकरी बांधून चालत आलेले तुम्ही आणि आम्ही. संघटनेचा कार्यकर्ता तुमच्या वतीनं भाषण करू शकतो, अर्ज लिहू शकतो. ग्रामसभेत तुमच्या जागी हात वर करू शकत नाही. आणि जो कार्यकर्ता म्हणतो की तुम्ही घरी बसा, आम्ही बघतो, त्याच्यापासूनही सावध राहा. सावकारही आपल्या आजोबांना हेच सांगत होता.

दुसरं कारण: "माझा पट्टा आला, आता मी काय करू तिथं?" हे ऐकून सगळ्यात जास्त राग येतो. तुमचा दावा मंजूर झाला तेव्हा शेजारी सभेत बसला होता, म्हाताऱ्या आजीनं जबाब दिला होता की हा प्लॉट याचा बाप कसत होता. त्या जबाबाला कायद्यात पुराव्याची किंमत आहे. आज शेजाऱ्याचा दावा नामंजूर होऊन आला आहे. त्याला अपिलाला 60 दिवस आहेत आणि तुम्ही बांधावरून मान फिरवून जाता. पट्टा म्हणजे जमिनीचा तुकडा. त्या तुकड्याला पाणी डोंगरातून येतं. डोंगर खाणीत गेला तर वर सुरुंग उडतील, खाली तुमच्या वरईवर धूळ बसेल. तेव्हा तो पट्टा कोणाला दाखवणार?

तिसरं कारण: "आमाला काय कळतं त्यातलं?" हे बाया जास्त म्हणतात, कारण त्यांना तसं म्हणायला शिकवलं आहे. मोह कुठं आहे, कंद कुठल्या उतारावर निघतात, झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, हे कोणाला माहीत आहे? ग्रामसेवकाला? सामूहिक दाव्याच्या नकाशात हेच तर लिहायचं असतं. म्हणूनच नियमात लिहिलं आहे की वनहक्काच्या सभेला निम्मी प्रौढ माणसं पाहिजेत, आणि बसलेल्यांत किमान तिसरा हिस्सा बाया. बाया नसतील तर सभा सभाच नाही. वैयक्तिक पट्टाही नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. भावांनो, बायकोला घरी ठेवून तुम्ही एकटे सभेला येता तेव्हा तुम्हीच कोरम मोडता.

चौथं कारण: "पोट भरू का सभा करू?" या कारणापुढं आम्ही मान खाली घालतो. आमचेही आईबाप भट्टीवर आहेत. बयाणा उचललेला माणूस मालकाला विचारल्याशिवाय गावी येऊ शकत नाही. ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखाही बघा: 26 जानेवारी आणि 1 मे, तेव्हा माणूस भट्टीवर. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर, तेव्हा माणूस शेतात. या तारखा कोणी आपलं पंचांग बघून ठरवलेल्या नाहीत. पण या चार तारखांशिवाय सभा घेऊ नका असं कायदा कुठंही म्हणत नाही. सभा कधी पाहिजे हे आपण मागायचं असतं. इतकी वर्षं आपण मागितलंच नाही.

आणि मत. लोकसभेची निवडणूक येतच राहणार. पुन्हा गाड्या येतील, बाटल्या येतील, मटण शिजेल. ज्यानं बाटलीवर मत दिलं त्यानं पाच वर्षं तक्रार कोणाकडं करायची? पण नीट विचार करून मत दिलं तरी काम तिथं संपत नाही. गाडीवान ठेवला म्हणून मालकानं गाडीत झोपून जायचं नसतं. बैल कुठल्या वाटेला लागले ते बघावं लागतं.

काही जण म्हणतात, असं बघून काय होतं, सरकारपुढं कोणाचं चाललं आहे? त्यांना ओडिशातल्या नियमगिरीचं सांगतो. तिथं डोंगरिया कोंध आदिवासी राहतात. त्यांच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण काढायची होती. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. सरकारनं 12 गावं निवडली, तीही लहान लहान. जुलै-ऑगस्टात भर पावसात सभा झाल्या, न्यायाधीश बसले होते, बंदूकवाले पोलीस होते. म्हाताऱ्या बाया उठल्या आणि आपल्या कुवी बोलीत बोलल्या. 12 पैकी 12 गावांनी नाही म्हटलं. 2014 च्या जानेवारीत दिल्लीनं खाण नाकारली. त्या लोकांकडं आपल्यापेक्षा जास्त शिक्षण नव्हतं. पण वही घरी येईल, मग अंगठा देऊ, असं म्हणून ते घरी थांबले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीचं मेंढा (लेखा) गाव आहे. 2009 साली त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. 2011 च्या एप्रिलमध्ये बांबू वाहतुकीचा परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. तिथं ठराव बहुमतानं होत नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बसतात. एका रात्रीत नाही पटलं तर पुन्हा बसतात. हक्काचा कागद येण्याच्या कितीतरी आधीपासून ते असे बसत आले आहेत.

आणि लांब कशाला? 1945 साली याच आपल्या डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी वेठ मोडली. तेव्हा ना मत होतं, ना ग्रामसभा, ना कोरम. तरी माणसं रानातून चालत येऊन सभेला बसत होती. देशाच्या राज्यघटनेची सुरुवात "आम्ही" या शब्दानं होते. त्या "आम्ही"त आपण आहोत की नाही, हे मंत्रालयात ठरत नाही. ते शाळेच्या पडवीत ठरतं.

आणखी एक कडू गोष्ट. जंगल आमचं म्हणायचं आणि रात्री ठेकेदाराच्या गाडीत सागाचे ओंडके चढवायचे, हे दोन्ही चालणार नाही. त्याच कायद्यात हक्काबरोबर जंगल राखायचं कामही ग्रामसभेवर टाकलं आहे. आपण राखलं नाही तर गार्ड पुन्हा काठी घेऊन येईल आणि म्हणेल, बघा, यांना राखता येत नाही.

आता पुढं काय? होळीला भट्टीवरून सगळे घरी येतात. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाड्यातच, वडाखाली सभा घ्या अशी लेखी मागणी सरपंचांकडं दिली आहे. खाणीचा ठराव रद्द करणं आणि डोंगराचा सामूहिक दावा, हे दोन विषय. तोपर्यंत आणि त्यानंतर कायमचं, एवढं पाळू:

1. कोऱ्या पानावर सही नाही, अंगठा नाही. वही घरी आणली तर पाणी द्या, चहा द्या, सही देऊ नका.

2. ठराव सभेत मोठ्यानं वाचून दाखवायचा. वाचल्यावर लगेच खाली रेघ मारायची, मग सह्या. त्याच दिवशी नक्कल मागायची.

3. घरातून दोघं यायचं. बाया पुढं बसतील, दाराबाहेर नाही.

4. ज्याचा पट्टा आला आहे त्यानं ज्याचा आला नाही अशा एकाला बरोबर आणायचं.

5. भट्टीवर असलेल्यांना निरोप पोचवायचा. ज्याचा माणूस ज्या भट्टीवर, त्यानं त्या भट्टीची जबाबदारी घ्यायची.

6. शिकलेल्या पोरापोरींनी सभेच्या आदल्या रात्री दोन्ही विषय घरोघर समजावून सांगायचे. हे आमच्याकडं लागलं. चुकलो तर तोंडावर सांगा.

त्या दिवशी कोरम भरला नाही तर पुढच्या अंकात आम्ही तेही छापू. कोण आलं नाही त्यांची नावं छापणार नाही, नावं सगळ्यांना माहीत असतात. पण त्या दिवशी आपण निम्म्यापेक्षा जास्त बसलो, बाया बोलल्या आणि ठराव आपल्यासमोर आपल्या शब्दांत लिहिला गेला, तर त्या टेबलामागच्या माणसाकडं पुन्हा जाऊ. त्यानं पुन्हा विचारावं, "सह्या तुमच्याच ना?"

हो, आमच्याच.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! जोहार!