जनुकांच्या चाचणीआधी कमरेला टेप

लाळेचा नमुना पाठवा आणि जनुकांनुसार आहार ठरवून घ्या, अशा जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. वजनाशी जोडल्या जाणाऱ्या जनुकांत सर्वाधिक चर्चा असते ती ‘एफटीओ’ची. या जनुकाचा स्थूलतेशी असलेला संबंध २००७ मध्ये समोर आला. त्याचा जोखमीचा प्रकार आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन, तो मुळीच न मिळालेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोंनी जास्त भरले. तीन किलो, तीस नव्हे. शिवाय २०११ मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या माहितीतून दिसले, की शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये या जनुकामुळे वाढणारी स्थूलतेची जोखीम सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते.

एकाच जनुकातील बिघाडामुळे लहानपणीच तीव्र स्थूलता येते, अशी उदाहरणे आहेत. पण ती विरळा. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली चाचणी उपयोगी ठरते. इतरांच्या वजनात शेकडो जनुकीय फरकांचा थोडाथोडा वाटा असतो.

आपल्याकडे खरा धोका वेगळाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

याचे खापर एकट्या जनुकांवर फोडता येत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो आढळले. आपली बाळे हडकुळी, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे आईच्या पोषणापासूनच या गोष्टीची सुरुवात होते.

म्हणूनच ‘जनुके चांगली आहेत’ असा अहवाल बारीक अंगाच्या माणसाला खोटा दिलासा देऊ शकतो आणि मधुमेहाचे निदान लांबू शकते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की वजन ‘योग्य’ असले तरी रक्तातील साखर तपासून घ्यावी. घरात मधुमेह असेल, तर कंबर वाढण्याची वाटही पाहू नये. शिवणकामाची टेप आणि साखरेची साधी तपासणी, दोन्ही जनुक चाचणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.